तुमचा प्रयोग फसलेला नाही: हसणं आणि विनोद वेगवेगळे मोजावे लागतात

तुमची अडचण आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मला नीट समजली आहे का हे तुम्हाला ताडून पाहता येईल. मानसशास्त्राच्या एम.ए.च्या लघुप्रबंधासाठी तुम्ही ‘माणसं कशाला हसतात’ हा विषय घेतलात. ३० लिखित विनोद निवडलेत. एकेका सहभागीला खोलीत एकटं बसवून ते पडद्यावर दाखवलेत, प्रत्येक विनोदाला १ ते ७ गुण द्यायला सांगितलेत आणि समोर कॅमेरा लावलात. गुण बरे मिळाले, पण हसलं जवळजवळ कुणीच नाही. ज्या विनोदाला ६ गुण पडले त्यालाही ओठांची जराशी हालचाल, एवढंच. उलट सुरुवातीला सूचना समजावून घेताना आणि शेवटी निघताना तीच माणसं तुमच्याबरोबर मोकळेपणी हसली, आणि तिथे विनोद असा काही नव्हताच. आता मार्गदर्शक म्हणतात की हा विषय शास्त्रीय पद्धतीने मोजता येत नाही, बदला. तुम्ही विचारताय, चूक पद्धतीत आहे की विषयात?

मला वाटतं, चूक या दोन्हींच्या आधीच्या एका गृहीतकात आहे. विनोद किती चांगला हे हसण्यावरून कळेल, असं तुम्ही धरून चाललात. पण हसणं हे एक वर्तन आहे. ते श्वासाचं, आवाजाचं, चेहऱ्याचं आणि बहुतेक वेळा दोन माणसांमधलं असतं. विनोद ही डोक्यात घडणारी जाणीव आहे: काहीतरी अपेक्षेबाहेरचं आलं, ते उमगलं आणि गंमत वाटली. या दोन गोष्टी कधीकधी एकत्र येतात, आणि नेमके तेच प्रसंग आपल्याला हसण्याचा विचार करताना आठवतात. एरवी त्यांचे रस्ते वेगळे असतात. तुमच्या खोलीत विनोद होता पण हसणं नव्हतं, आणि खोलीच्या दारात हसणं होतं पण विनोद नव्हता. तुमच्या नोंदींमधला सर्वांत महत्त्वाचा भाग तोच आहे, आणि तुम्ही तो प्रयोगाबाहेरचा म्हणून बाजूला ठेवलात.

मी बरीच वर्षं लोकांच्या गप्पा ध्वनिमुद्रित करून त्यांतलं हसणं टिपण्याचं काम करते, त्यामुळे माझा कल हसण्याकडे आहे हे आधीच सांगते. विनोदाचा अभ्यास करणारी माणसं काही मुद्दे वेगळ्या क्रमाने मांडतील.

तुमच्यासारख्याच अनुभवातून रॉबर्ट प्रोव्हाइन या अमेरिकी शास्त्रज्ञाचं काम उभं राहिलं. लोकांना प्रयोगशाळेत बोलावून गमतीच्या चित्रफिती दाखवल्या, तर ते फारसे हसत नाहीत हे त्यांच्या लक्षात आलं. मग त्यांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी दुकानांत, रस्त्यांवर, विद्यापीठाच्या आवारात आपसूक चाललेल्या बोलण्यातले हसण्याचे १२०० प्रसंग टिपले. हसण्याच्या लगेच आधी काय बोललं गेलं, कोण बोललं, कोण हसलं, एवढंच नोंदवलं. त्या आधीच्या वाक्यांपैकी साधारण १० ते २० टक्केच थोडीफार गमतीदार म्हणता येतील अशी निघाली. बाकीची वाक्यं ‘बरं, निघतो मी’ किंवा ‘तुम्हालाही भेटून छान वाटलं’ अशा जातीची होती. बोलणारा माणूस ऐकणाऱ्यापेक्षा सरासरी ४६ टक्के जास्त हसत होता. विनोद म्हणजे एकाने सांगायचा आणि दुसऱ्याने हसायचं, हे आपल्या मनातलं चित्र इथेच मोडतं. त्यांच्या आणखी एका अभ्यासात सहभागींनी स्वतःच्या हसण्याची डायरी ठेवली होती. दूरदर्शन, पुस्तक यांसारखी माध्यमं सोबतीला नसताना माणूस एकटा असेल, तर त्याच्यापेक्षा चारचौघांतलं हसणं ३० पट जास्त निघालं.

आता तुमची खोली आठवा. तुम्ही माणसाला एकटं बसवलंत. हसण्याची सर्वांत मोठी अट, म्हणजे समोर कुणीतरी असणं, तीच काढून घेतली आणि मग हसणं शोधलं.

प्रोव्हाइन यांचे आकडे डोळे झाकून घेऊ नका, हेही सांगते. त्यांचे निरीक्षक वही-पेन्सिल घेऊन उभे होते, ध्वनिमुद्रण नव्हतं. हसणं जवळजवळ नेहमी वाक्य किंवा वाक्यखंड संपल्यावर येतं, १२०० पैकी जेमतेम ८ वेळा ते मध्येच आलं, असा त्यांचा निष्कर्ष होता. पुढे रेकॉर्डिंगवरून काम करणाऱ्यांना बोलण्यातच विरघळलेलं हसणं बरंच सापडलं. शब्द चालू असतो आणि त्यातच आवाज थरथरतो. प्रत्यक्ष ऐकताना तो निसटतो, तोच भाग तीनदा ऐकला की स्पष्ट होतो. माझ्या स्वतःच्या नोंदींतही असं हसणं भरपूर आहे, विशेषतः माणूस काही अवघड विनंती करत असेल तेव्हा. तरीही मुख्य गोष्ट टिकून आहे: हसणं बोलण्यात वाटेल तिथे पडत नाही, त्याच्या जागा ठरलेल्या असतात. आणि ज्या गोष्टीची जागा ठरलेली असते, ती मोजता येते.

हसणं इतकं जुनं आणि इतकं शारीरिक का आहे, हे समजलं की मोजणीही सोपी होते. माणसाचं ठरावीक ‘हा-हा-हा’ घेतलं तर त्यातला एकेक ‘हा’ साधारण ७५ मिलिसेकंदांचा असतो आणि एका ‘हा’च्या सुरुवातीपासून पुढच्याच्या सुरुवातीपर्यंत सुमारे २१० मिलिसेकंद जातात. एकच उच्छ्वास तुकड्यातुकड्यांनी बाहेर पडतो. चिंपांझीचं हसणं मात्र आत घेतलेल्या आणि बाहेर सोडलेल्या अशा दोन्ही श्वासांवर होतं, आणि ऐकायला लाकूड कापणाऱ्या करवतीसारखं लागतं. २००९ मध्ये मरिना डाविला-रॉस आणि सहकाऱ्यांनी ओरांगउटान, गोरिला, चिंपांझी, बोनोबो आणि माणसाची बाळं यांना गुदगुल्या करून आवाज नोंदवले. त्या आवाजांमधल्या साम्य-भेदांवरून मांडलेला वंशवृक्ष जनुकांवरून मांडलेल्या वंशवृक्षाशी जुळला. म्हणजे आपल्या हसण्याची मुळं किमान १ कोटी ते १.६ कोटी वर्षांपूर्वीच्या समान पूर्वजापर्यंत जातात. भाषा त्यानंतर फार उशिरा आली. तुमच्या ३० लिखित विनोदांना मात्र भाषा, वाचन, संदर्भ, सगळंच लागतं. वयाने इतक्या वेगळ्या दोन गोष्टी एकाच आकड्यात कशा मावतील?

मेंदूच्या बाजूनेही हेच दिसतं. १९९८ मध्ये इट्झाक फ्रीड आणि सहकाऱ्यांनी एका १६ वर्षांच्या मुलीची नोंद प्रसिद्ध केली. अपस्माराच्या उपचारांसाठी तिच्या मेंदूची तपासणी चालू होती. पुढच्या भागातल्या एका लहानशा जागी सौम्य विद्युतप्रवाह दिला की ती स्मित करायची, प्रवाह वाढवला की खळखळून हसायची. का हसलीस असं विचारलं की दर वेळी ती समोर असेल त्या गोष्टीत कारण शोधायची: चित्रातला घोडा गमतीदार आहे, तुम्ही सगळे असे उभे आहात तेच गमतीदार आहे. हसणं आधी आलं, गंमत मागून आली. सहभागीला ‘तुम्ही का हसलात?’ असं विचारून मिळालेल्या उत्तरावर मी विसंबत नाही, त्यामागे ही नोंद आहे. उत्तर खोटं नसतं. माणूस प्रामाणिकपणे कारण शोधून देतो, एवढंच. ते उत्तर जरूर लिहून घ्या, पण कारण म्हणून मांडू नका.

इथपर्यंतचं एकत्र करते. तुमच्या सहभागींना विनोद आवडले नाहीत असं नाही, तुमचे गुण खोटे नाहीत आणि कॅमेऱ्यात हसणं आलं नाही हेही खोटं नाही. दोन वेगळ्या गोष्टी दोन वेगळ्या साधनांनी मोजल्या गेल्या आणि त्या जुळल्या नाहीत. आता ठरवायचं आहे की यांतली तुमची गोष्ट कोणती.

विनोद हा विषय ठेवायचा असेल तर तुमची पद्धत मुळात वाईट नाही, तिला शिस्त हवी. सिद्धांतांचा इतिहास प्रकरण एकमध्ये थोडक्यात आटपा. तत्त्वज्ञ हॉब्जने १६५१ मध्ये हसण्यात दुसऱ्यापेक्षा आपण वरचढ असल्याची अचानक झालेली जाणीव पाहिली, कांटने १७९० मध्ये ताणलेली अपेक्षा एकदम शून्यावर येणं पाहिलं, फ्रॉइडने १९०५ मध्ये दाबलेल्या मानसिक ऊर्जेची सुटका पाहिली. आज बहुतेक संशोधक विसंगती आणि तिचा उलगडा या चौकटीतून काम करतात. पीटर मॅकग्रॉ आणि केलेब वॉरन यांनी २०१० मध्ये त्याला एक उपयुक्त जोड दिली: काहीतरी नियमाबाहेरचं घडतंय आणि त्याच वेळी ते निरुपद्रवीही आहे, असं दोन्ही एकदम वाटलं की गंमत वाटते. ही मांडणी मला आवडते, कारण तीच गोष्ट एकाला हसवते आणि दुसऱ्याला दुखावते ती का, याचा निदान तपास तरी तिच्यातून सुरू करता येतो. पण ‘निरुपद्रवी’ कुणासाठी, हे संशोधकाने आधीच ठरवून टाकलं तर हा सिद्धांत कशालाही लागू पडतो. म्हणून प्रत्येक विनोदाला एकच गुण मागू नका. विनोद कळला का, गमतीदार वाटला का आणि खटकला का, हे तीन प्रश्न वेगळे विचारा. विलीबाल्ड रूख यांच्या विनोद-चाचणीत गमतीदारपणा आणि नावड यांचे गुण स्वतंत्र घेतले जातात, त्याचं कारण हेच. एखाद्याला विनोद फार गमतीदार वाटतो आणि फार खटकतोही. एकाच पट्टीवर तो माणूस ४ गुण देऊन मोकळा होतो आणि तुमच्या हाती काहीच लागत नाही.

पहिले काही विनोद सरावापुरते ठेवा आणि त्यांचे गुण विश्लेषणात घेऊ नका, कारण सुरुवातीला माणूस पट्टी कशी वापरायची हेच ठरवत असतो. प्रत्येकासाठी विनोदांचा क्रम बदला. सलग ३० विनोद वाचले की शेवटच्या दहांना न्याय मिळत नाही. माणसाची विनोदाची एकूण सवय हवी असेल तर रॉड मार्टिन आणि सहकाऱ्यांची २००३ ची ३२ विधानांची प्रश्नावली आहे. ती विनोदाचा वापर चार शैलींत बघते: माणसं जोडणारा, स्वतःला धीर देणारा, दुसऱ्याला टोचणारा आणि स्वतःला कमी लेखणारा. मात्र ती माणूस स्वतःबद्दल काय सांगतो ते मोजते, प्रत्यक्षात काय करतो ते नाही, हे प्रबंधात स्पष्ट लिहा.

पण तुमच्या पत्राचा सूर पाहता तुम्हाला ओढ आहे ती हसण्याची. तसं असेल तर रचना बदला.

एकमेकांना ओळखणाऱ्या दोघांना एकत्र बसवा आणि बोलू द्या. विनोद देऊ नका. सुट्टीचा बेत आखा, किंवा दोघांनाही चीड आणणाऱ्या एखाद्या गोष्टीबद्दल बोला, एवढंच सांगा. तुम्ही खोलीबाहेर जा. शक्य असेल तर प्रत्येकाला वेगळा माइक लावा, कारण दोघं एकदम हसले की एका माइकवर कोण आधी हसलं ते कळत नाही, आणि तुमच्या कामात तेच सर्वांत मोलाचं आहे. सुरुवातीची दोन-तीन मिनिटं विश्लेषणात घेऊ नका. तेव्हा माइकबद्दलचं अवघडलेलं हसणंच जास्त असतं. नमुना किती लागेल याचा अंदाज हवा असेल तर युलिया फेटिन आणि डिटमार टॉट यांचा २००४ चा अभ्यास पाहा. त्यांना १० मिनिटांच्या संभाषणात सरासरी सहाच्या आसपास हसण्याचे प्रसंग मिळाले. लघुप्रबंधासाठी थोड्या जोड्याही पुरतात, मात्र किती हे तुमच्या प्रश्नावर अवलंबून आहे. मित्र आणि अनोळखी माणसं यांची तुलना करायची असेल तर दोन्हींकडे पुरेशा जोड्या हव्यात. एकाच प्रकारच्या जोड्यांत हसण्याच्या जागा शोधायच्या असतील तर थोडीच संभाषणं घेऊन ती बारकाईने अभ्यासणं बरं.

मग खरं काम सुरू होतं, टिपण्याचं. ध्वनीसाठी प्राट आणि चित्रासह नोंदींसाठी एलान ही सॉफ्टवेअर मोफत मिळतात. आधी ठरवा की एक प्रसंग कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो. मी हसण्याच्या शेवटचा आत घेतलेला श्वास ही हद्द धरते, पण तुम्ही वेगळी धरली तरी चालेल, फक्त ती लिहून ठेवा आणि मध्येच बदलू नका. प्रत्येक प्रसंगासाठी कोण हसलं, कोण आधी हसलं, दुसरा सामील झाला का आणि किती वेळाने, हसणं वाक्यानंतर आलं की शब्दांत मिसळून, त्याआधी काय बोललं गेलं, आवाज स्वरयुक्त होता की नुसता श्वासाचा किंवा नाकातला, एवढं नोंदवा. यातला शेवटचा मुद्दा क्षुल्लक वाटेल, पण जो-अ‍ॅन बाखोरोव्स्की, मोरिया स्मॉस्की आणि मायकल ओरेन यांच्या २००१ च्या कामातून दिसलं की लोकांच्या हसण्यात नुसत्या फुसकाऱ्यांचं आणि घुसमटलेल्या आवाजांचं प्रमाण आपल्या कल्पनेपेक्षा बरंच मोठं असतं. फक्त ‘हा-हा’ मोजलंत तर अर्धी गोष्ट हरवेल.

दिसणाऱ्या खुणांवर वर्गीकरण करण्याची परंपरा फार जुनी आहे. नाट्यशास्त्रात हास्याचे स्मित, हसित, विहसित, उपहसित, अपहसित आणि अतिहसित असे सहा प्रकार आहेत, आणि ते वेगळे केले आहेत ते दात दिसतात का, आवाज आहे का, डोळे आणि गाल आकसतात का, खांदे आणि डोकं हलतं का, डोळ्यांत पाणी येतं का, माणूस कुशी धरतो का यांवरून. नटाला काय करायचं ते कळावं म्हणून केलेली ही मांडणी आजच्या नोंदपत्रकासाठीही उत्तम सुरुवात आहे. त्यातली उत्तम, मध्यम आणि अधम माणसांची विभागणी मात्र आपल्या उपयोगाची नाही. प्रबंधात हा संदर्भ शोभेपुरता नको. या खुणा घेऊन तुमच्या चित्रफितींवर लावून बघा, काही अगदी नीट बसतात.

नोंदी एकट्याने करून थांबू नका. रेकॉर्डिंगचा एक भाग दुसऱ्या कुणाला तरी स्वतंत्रपणे टिपायला द्या आणि दोघांच्या नोंदी किती जुळतात ते काढा. जेकब कोहेन यांनी १९६० मध्ये दिलेला कापा हा निर्देशांक त्यासाठी सगळीकडे वापरतात. मार्गदर्शकांना ‘मोजता येत नाही’ असं वाटत असेल तर त्यांच्यासमोर हाच तक्ता ठेवा. दोन माणसं एकमेकांना न विचारता त्याच जागी, त्याच प्रकारचं हसणं नोंदवत असतील, तर ते मोजता येतंच.

आता एक गोष्ट, जिथे नवे अभ्यासक हमखास अडखळतात. नोंदी हातात आल्या की ते ‘खरं’ आणि ‘खोटं’ हसणं वेगळं करायला बसतात. ड्युशेन या फ्रेंच डॉक्टरने १८६२ मध्ये दाखवलं की आनंदाच्या हसण्यात ओठांचे कोपरे वर जातात, तसाच डोळ्याभोवतीचा वर्तुळाकार स्नायूही आकसतो. तो स्नायू मुद्दाम हलत नाही, असं त्याचं मत होतं. प्रत्यक्षात अनेकांना तो मुद्दामही आकसता येतो, त्यामुळे ही खूण उपयोगी असली तरी पुरेशी नाही. उफाळून आलेलं आणि ठरवून केलेलं हसणं आवाजात वेगळं असतं आणि ऐकणाऱ्यांना तो फरक बऱ्यापैकी कळतो, हे ग्रेगरी ब्रायंट आणि सहकाऱ्यांनी २१ समाजांतल्या श्रोत्यांवर तपासलं आहे. पण ठरवून केलेल्या हसण्याला खोटं म्हणायला माझा ठाम विरोध आहे. तुमच्या दारातलं निरोपाचं हसणं खोटं होतं का? त्या माणसाने आपलं नातं ठीक आहे एवढं तुम्हाला कळवलं, आणि ते तुमच्यापर्यंत पोचलं. संभाषणातलं बहुतेक हसणं याच कामाचं असतं. ब्रायंट यांच्याच २०१६ च्या अभ्यासात २४ समाजांतल्या ९६६ जणांना दोन माणसं एकत्र हसतानाचे जेमतेम सेकंदभराचे तुकडे ऐकवले, आणि ती दोघं मित्र आहेत की अनोळखी हे ओळखायला सांगितलं. बरोबर उत्तरं सरासरी ६१ टक्के आली. नुसत्या अंदाजाने ५० टक्के आली असती. फरक प्रचंड नाही, पण भाषा न समजता, एका सेकंदात आणि इतक्या वेगवेगळ्या समाजांत तो टिकतो, हे मला थक्क करतं.

याची दुसरी बाजू म्हणजे दुःखात आणि ताणात येणारं हसणं. तुमच्या रेकॉर्डिंगमध्ये ते आलं तर ते वगळू नका, मी तर आधी तिथेच बघेन. गेल जेफरसन यांनी १९८४ मध्ये संभाषणांच्या बारीक लिप्यंतरांवरून एक सुंदर गोष्ट दाखवली. माणूस स्वतःची अडचण सांगताना हसतो, पण ऐकणारा सहसा त्यात सामील होत नाही, तो गंभीरपणे त्या अडचणीकडे वळतो. सांगणारा हसून दाखवतो की मी हे पेलतोय. ऐकणारा न हसता दाखवतो की मी हे ऐकतोय. इथे न हसणं हाच योग्य प्रतिसाद असतो, आणि दोघांनाही हे कुणी शिकवलेलं नसतं. माझ्या ध्वनिमुद्रणांत हा नमुना मला पुन्हा पुन्हा भेटला आहे, आणि जिथे ऐकणारा चुकून हसतो तिथे सांगणारा बहुतेकदा विषय बदलतो किंवा आवाज खाली नेतो.

ताणाचं हसणं किती टोकाला जाऊ शकतं त्याची नोंद स्टॅन्ली मिलग्रम यांच्या १९६३ च्या प्रसिद्ध लेखात आहे. दुसऱ्याला विजेचे धक्के देत आहोत अशी समजूत झालेल्या ४० सहभागींपैकी १४ जणांमध्ये अस्वस्थ हसण्याची स्पष्ट चिन्हं दिसली आणि तिघांना ते आवरताच येईना. त्यांना गंमत वाटत नव्हती, हे मिलग्रम यांनीही नोंदवलं आहे. आणि हसण्याने दुःख खोटं ठरत नाही हे पाहायचं असेल तर डॅकर केल्टनर आणि जॉर्ज बोनॅनो यांचा १९९७ चा अभ्यास वाचा. जोडीदार गमावल्यानंतर काही महिन्यांनी त्या व्यक्तीबद्दल बोलताना ज्यांच्या चेहऱ्यावर डोळ्यांपर्यंत पोचणारं हसू आलं, त्यांच्यात राग कमी होता आणि इतरांशी नाती बरी होती. हसण्यामुळे ते सावरले, की सावरत होते म्हणून हसू शकले, हे मात्र यावरून ठरत नाही. प्रबंधात हे वाक्य तुम्हालाही लिहावं लागेल.

तुमच्या आराखड्याच्या प्रस्तावनेत दोन गोष्टी आहेत, त्यांच्याबद्दल सावध करते. १९६२ ची टांगानिकातली (आजच्या टांझानियातली) ‘हास्याची साथ’ विषयाची गंमत म्हणून वापरू नका. काशाशा इथल्या मुलींच्या वसतिशाळेत १५९ पैकी ९५ मुलींना त्रास झाला, आणि त्यात हसण्याबरोबर रडणं, अस्वस्थता, भीती होती. शाळा बंद करावी लागली. ताणातून पसरलेला तो सामूहिक मनोविकार होता. मुली सुखाने हसत होत्या, असं लिहिणं त्यांच्यावर अन्याय आहे.

दुसरी गोष्ट आरोग्याची. नॉर्मन कझिन्स या अमेरिकी पत्रकाराने १९७६ मध्ये एका वैद्यकीय नियतकालिकात लिहिलं की दहा मिनिटं मनसोक्त हसल्यावर त्यांना दोन तास वेदनारहित झोप मिळायची. तो एका रुग्णाचा अनुभव आहे, मोलाचा, पण एकाचाच. त्यापेक्षा भक्कम काम रॉबिन डनबार यांच्या गटाचं आहे. सोबतीने हसल्यावर वेदना सहन करण्याची मर्यादा वाढते, असं त्यांना आढळलं. २०१७ मध्ये सँड्रा मॅनिनेन आणि सहकाऱ्यांनी मेंदूच्या प्रतिमांवरून दाखवलं की मित्रांबरोबर हसल्यावर शरीराची स्वतःची अफूसदृश रसायनं स्रवतात. पण तो अभ्यास १२ पुरुषांवरचा होता. १९९५ मध्ये डॉ. मदन कटारिया यांनी सुरू केलेल्या हास्ययोगातून तुमच्या विषयाला वेगळाच फायदा होतो: तिथे विनोद मुळीच नसतो आणि तरी हसणं एकाकडून दुसऱ्याकडे जातं. ‘हसण्याने रोग बरे होतात’ असं वाक्य मात्र प्रबंधात येऊ देऊ नका.

मार्गदर्शकांच्या शंकेत एक रास्त भागही आहे, आणि तो मान्य करूनच त्यांच्याशी बोला. या क्षेत्रात गाजलेले काही निष्कर्ष टिकलेले नाहीत. फ्रिट्झ स्ट्रॅक आणि सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये दाखवलं होतं की पेन दातांत धरून चेहरा हसरा झाला की व्यंगचित्रं जास्त गमतीदार वाटतात. २०१६ मध्ये १७ प्रयोगशाळांनी तोच प्रयोग केला आणि तो परिणाम मिळाला नाही. नव्या प्रयोगांत कॅमेरा होता, मूळ प्रयोगात नव्हता, म्हणून २०१८ मध्ये टॉम नोआ आणि सहकाऱ्यांनी कॅमेऱ्यासह आणि कॅमेऱ्याशिवाय तो करून पाहिला. कॅमेऱ्याशिवाय परिणाम दिसला, कॅमेऱ्यासमोर नाही. पुढे २०२२ मध्ये १९ देशांतल्या ३८७८ सहभागींच्या अभ्यासात हसरा चेहरा मुद्दाम केल्याने थोडं बरं वाटतं असं निघालं, पण पेनच्या पद्धतीबद्दल पुरावा धूसरच राहिला. विषय मोजता येत नसता तर तो चुकीचा ठरवताही आला नसता, एवढं त्यांना सांगा. आणि तुमच्या खोलीतही कॅमेरा होता, हे विसरू नका.

माणसांची कॅमेऱ्याशी सवय, त्यांचं आपसातलं नातं, वयातला आणि अधिकारातला फरक, तुम्ही त्यांचे सहाध्यायी होतात की परके, यांवर पुष्कळ काही अवलंबून आहे, आणि तुमच्या पत्रात ही माहिती नाही. म्हणून आहे त्या साहित्याचं काय करायचं एवढंच नेमकं सांगते. जुन्या चित्रफिती पुसू नका. सहभागी खोलीत शिरल्यापासून सूचना संपेपर्यंतचा भाग, एकट्याने विनोद वाचण्याचा भाग आणि शेवटच्या विनोदानंतर बाहेर पडेपर्यंतचा भाग, असे तीन तुकडे करा. तिन्हींत मिनिटाला किती वेळा हसणं आलं ते मोजा, स्मित आणि आवाजी हसणं वेगळं ठेवा, आणि पहिल्या-तिसऱ्या भागात तुम्ही आधी हसलात की सहभागी, तेही लिहा. एकाच माणसाची तिन्ही भागांत तुलना होत असल्याने लहान नमुन्यातही काही दिसू शकेल. मात्र आधी सर्व सहभागींना पुन्हा विचारा. त्यांनी संमती दिली होती ती विनोद वाचतानाच्या चित्रणाला, दारातल्या बोलण्याला नाही, आणि जे नाही म्हणतील त्यांचे ते भाग काढून टाका.